ऋषीचे कूळ आणि शिष्याचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. शिक्षकी पेशातल्या सगळ्या वर्षांत ही म्हण मी किती वेळा फळ्यावर लिहिली आणि मुलांकडून किती वेळा तिचा वाक्यात उपयोग करून घेतला, याची गणतीच नाही. म्हण चांगलीच आहे. पण निवृत्तीनंतर रिकामपणी विचार करता करता असे वाटू लागले की ती अर्धीच आहे. ऋषीचे कूळ आपण विचारत नाही हे खरे, पण शिष्याचे मूळ मात्र उंबरठ्यावरच विचारतो! "पूर्ण नाव काय? मूळचे कुठले? तुमच्यात काय करतात?" ही उत्तरे मिळाल्याशिवाय आपला गुरू, आपला ग्रंथ, आपले स्तोत्र आपण दुसऱ्याच्या हाती सहसा देत नाही. आणि वर अभिमानाने सांगतो की आमचे संत सगळ्यांचे आहेत.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा आहे त्यांना तो लवकर येईल. शिकवणाऱ्या माणसाचा प्रभाव पंथ, जात, देश ओलांडून जातो, तो फक्त त्याच्या शिकवण्यामुळे. तोच माणूस, किंवा त्याच्या गादीवर बसलेला दुसरा कोणी, दाराशी बसून "तू आपला, तू परका" असे शिक्के मारू लागला की उरते ती सत्ता. सत्तेला लोक भितात, पण तिच्यापासून काही शिकत नाहीत.

यासाठी उदाहरण घेतो आहे ते ज्यू लोकांचे. म्हणाल, नागपूरच्या या मास्तरला ज्यूंशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे, कारण हे ज्यू मराठी आहेत. किहीमचे किहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर. आडनावावरून ओळखू येणार नाहीत इतके ते आपले आहेत. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. आपल्या कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात ते कित्येक शतके तेलाचा घाणा चालवत आणि शेती करत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिले "शनिवार तेली". त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचे जहाज नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, आणि त्यांच्यापासून ही वस्ती वाढली. पोथ्या बुडाल्या. राहिले ते एवढेच : शनिवारचा विसावा, आठव्या दिवशी मुलाची सुंता, काही सण, खाण्यापिण्याचे काही नियम, आणि "शेमा इस्राएल" ही एका ओळीची आठवण.

आता या लोकांकडे रब्बी नव्हता. रब्बी म्हणजे ज्यूंचा धर्मपंडित. पुजारी नव्हे, मुळात तो शिक्षकच. त्या शब्दाचाच अर्थ "माझे गुरुजी" असा होतो. ज्या समाजाला शेकडो वर्षे गुरुजीच नाहीत, त्याची काय अवस्था होते? आपल्याला वाटेल, धर्म विसरून गेले असतील. पण विसरले नाहीत. त्यांनी सणांना मराठी नावे दिली. नववर्षाचा तो "नव्याचा सण". मोठ्या उपासाच्या दिवशी घराची दारे लावून बसत, म्हणून तो "दारफाळणीचा सण". बेखमीर भाकरीच्या सणाला आंबवणाचे भांडे झाकून ठेवत, म्हणून "अनाशी ढाकणाचा सण". यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या शोकदिनी बिरड्या खायच्या, म्हणून "बिरड्याचा रोजा". पुरीम फाल्गुनात यायचा, तो "होळीचा सण". मूळ कथा पुसट झाली, पण कृती टिकली. मला विचाराल तर एखाद्या समाजाच्या निष्ठेचा याहून मोठा पुरावा कुठल्या पोथीत सापडणार नाही.

मग एक दिवस त्यांच्यात गुरुजी आले. नाव दावीद रहाबी. ते केव्हा आले यावर अभ्यासकांत वाद आहे. समाजाची परंपरा त्यांना हजारएक वर्षे मागे नेते, तर कित्येक अभ्यासकांना ते अठराव्या शतकातले कोचीनचे व्यापारी घराण्यातले दावीद यहेज्केल रहाबी वाटतात. काळ बाजूला ठेवू. गोष्ट काय आहे ती पाहा.

रहाबींना संशय आला की हे शनिवार तेली आपल्याच रक्ताचे आणि धर्माचे असावेत. त्यांनी काय केले? वंशावळ मागितली? पणजीचे माहेर विचारले? नाही. त्यांनी बाजारातून सरमिसळ मासळी आणून घरातल्या बायांच्या पुढ्यात ठेवली आणि रांधायला सांगितली. बायांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. "हे आम्ही खात नाही." ज्यूंच्या धर्मशास्त्रात पर आणि खवले असलेलाच मासा खाण्यास योग्य. रहाबींची परीक्षा तिथेच संपली. चुलीपाशी बसलेल्या बाईने, जिने हिब्रूचे एक अक्षर पाहिले नव्हते, ती पैकीच्या पैकी गुणांनी उत्तीर्ण केली.

आणि यापुढचे जे आहे ते शिक्षक म्हणून मला जास्त महत्त्वाचे वाटते. परीक्षा घेऊन रहाबी प्रमाणपत्र देऊन निघून गेले नाहीत. त्यांनी तीन तरुण निवडले, त्यांना हिब्रू आणि विधी शिकवले, आणि त्यांच्या हाती समाज सोपवला. त्यांनाच पुढे "काझी" म्हणू लागले. झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांत ते काम चालू राहिले. शब्द पाहा, "काझी"! आजूबाजूच्या मुसलमानांकडून उचललेला. ज्यू धर्माचे शिक्षण, कोचीनचा गुरू, मुसलमानी पदवी, आणि बोलणे सगळे मराठीत. कोणाचेही काही बिघडले नाही.

इथे थोडे दूर जाऊ. ज्यूंच्या सगळ्या इतिहासात ज्याचा शब्द सर्वांत लांब पोचला असा रब्बी कोण, असे विचारले तर बहुतेक जण एकच नाव घेतील : मोशे बेन मैमोन, ऊर्फ मैमोनिदीस, ज्यूंच्या भाषेत रामबाम. बाराव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबात जन्मला, धार्मिक छळामुळे मोरोक्कोत पळाला, शेवटी इजिप्तमध्ये स्थायिक झाला आणि १२०४ मध्ये वारला. पोटासाठी वैद्यकी करायचा, सलाउद्दीनच्या दरबारातल्या वजिराचा तो वैद्य होता. धर्म शिकवून पैसे घेणे त्याला मंजूर नव्हते. त्याने ज्यूंचा सगळा विस्कळीत धर्मकायदा सोप्या हिब्रूत एका ग्रंथात मांडला, आणि तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबीत लिहिला. स्पेनचे ज्यू, येमेनचे ज्यू, पोलंडचे ज्यू यांच्या चालीरीती, पेहराव, जेवण, उच्चार सगळेच वेगळे. पण या माणसाच्या ग्रंथाशिवाय कोणाचेच पान हलत नाही. ख्रिस्ती पंडित थॉमस अक्वायनस "रब्बी मोशे" म्हणून त्याचा हवाला देतो.

सगळ्यांनी त्याला लगेच डोक्यावर घेतले असेही नाही. त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी दक्षिण फ्रान्समधल्या रब्बींनीच त्याच्या तत्त्वज्ञानावर बंदी घातली होती. ज्ञानेश्वरांना वाळीत टाकणारे आणि तुकारामांच्या वह्या बुडवायला लावणारे फक्त आपल्याकडेच होते असे नव्हे! बंदी घालणाऱ्यांची नावे आज अभ्यासकांखेरीज कोणाला माहीत नाहीत. ग्रंथ मात्र सगळीकडे आहे.

तो इतका लांब का पोचला? मला त्याची पत्रे महत्त्वाची वाटतात. येमेनमध्ये ज्यूंवर सक्तीच्या धर्मांतराचे संकट आले, एक तोतया मसीहा उभा राहिला, तेव्हा त्यांनी याला लिहिले आणि याने सविस्तर पत्र पाठवून धीर दिला. येमेनी लोक इतके कृतज्ञ की त्यांनी आपल्या प्रार्थनेत त्याचे नाव घातले. दुसरे पत्र ओबद्या नावाच्या माणसाला. हा जन्माने ज्यू नव्हता, धर्म स्वीकारून आलेला होता. त्याने विचारले, प्रार्थनेत "आमच्या पूर्वजांचा देव" असे म्हणतात, ते मी म्हणू का? माझे पूर्वज तर वेगळे. रामबामने उत्तर दिले की खुशाल म्हण, कारण जो अब्राहामाच्या मार्गाला लागला तो अब्राहामाचाच पुत्र, तुझ्यात आणि आमच्यात काहीही फरक नाही. आठशे वर्षांपूर्वीचे हे उत्तर आहे, वाचकहो! आजही किती धर्मपंडित ते इतक्या सरळपणे देतील?

आणि तिसरे पत्र तर आपल्यासंबंधी आहे. आयुष्याच्या अखेरीला फ्रान्समधल्या ल्युनेल गावच्या पंडितांना लिहिताना तो हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख करतो. त्यांना धर्मग्रंथ ठाऊक नाही, त्यांच्यापाशी शनिवारचा विसावा आणि आठव्या दिवशीची सुंता एवढेच आहे, अशा अर्थाचे तो लिहितो. हे वाक्य पुष्कळ जण कमीपणाचे म्हणून वाचतात. मी ते उलटे वाचतो. त्यांना काही येत नाही असे तो म्हणतो, ते ज्यू नाहीत असे म्हणत नाही. अज्ञान आणि परकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला कळत होते. वर्गात ज्या मुलाला पाढे येत नाहीत तो मुलगा आपल्या वर्गाचा नाही, असे कुठला शिक्षक म्हणतो? त्याला पाढे शिकवायचे असतात, एवढेच.

जाता जाता सांगतो. रामबामचा धाकटा भाऊ दावीद जवाहिऱ्या होता. हिंदुस्थानात व्यापाराला निघाला आणि आपल्याच समुद्रात बुडाला. त्या धक्क्याने रामबाम वर्षभर अंथरुणाला खिळला होता. हिंदुस्थान म्हटले की त्याच्या मनात काय येत असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

आता कोकणात परत येऊ. एकोणिसावे शतक. बेने इस्राएल मुंबईत आले, इंग्रजांच्या पलटणीत शिरले. सामाजी हसाजी दिवेकर नावाच्या सुभेदाराने १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधले होतेच. पुढे कोचीनहून शेलोमो सालेम शुर्राबी आले आणि १८५६ मध्ये मरेपर्यंत त्यांनी या लोकांना प्रार्थना शिकवल्या. त्याच काळात स्कॉटलंडचे पाद्री जॉन विल्सन आले, ज्यांच्या नावाचे कॉलेज मुंबईत आहे. त्यांनी १८३२ च्या सुमारास मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले. पाद्रीबुवांचा हेतू उघड होता. ज्यूंना बायबल वाचता आले की ते ख्रिस्ताकडे येतील. बेने इस्राएलांनी काय केले? हिब्रू शिकून घेतली आणि आणखी पक्के ज्यू झाले! बाप्तिस्मा घेणारे अगदीच थोडे. विद्या कोणाकडूनही घ्यावी आणि आपले आपण राहावे, याचा याहून सुंदर धडा मला माहीत नाही. परक्याचे शिकले की आपलेपण जाते, असे म्हणणाऱ्यांनी तो जरूर गिरवावा.

मिशनऱ्यांच्या शाळांनी घडवलेल्या त्या पिढीतूनच जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४ ते १९०५) पुढे आले. त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी समाजासाठी शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. यातले कोणीही रब्बी नव्हते. दोघेही शाळामास्तर प्रवृत्तीचे. पण रब्बीचे जे मूळ काम, ते त्यांनीच केले.

आणि याच काळात दुसऱ्या बाजूला काय चालले होते? बगदादहून श्रीमंत ज्यू व्यापारी मुंबईत आले. ससून घराणे त्यांतले सर्वांत मोठे. सुरुवातीला ते बेने इस्राएलांच्याच सभास्थानात प्रार्थना करत. मग पैसा आला. १८३६ मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्राएलांच्या मध्ये भिंत घालून द्या. मेल्यानंतरसुद्धा सोवळे! प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्या दहांत बेने इस्राएल मोजायचा नाही, असाही प्रघात पुढे पडला. गंमत अशी की ससूनांनी काढलेल्या शाळेत मुलांना हिब्रू शिकवायला आणि पुढे मुख्याध्यापक म्हणून कोण होते? हेच जोसेफ राजपूरकर, बेने इस्राएल. म्हणजे मुलाला अक्षर शिकवायला हा चालतो, पण कबरीला शेजारी चालत नाही. आपल्या गावागावांत असे मास्तर होऊन गेले आहेत, ज्यांच्या हाताखाली सगळे गाव शिकले आणि ज्यांच्या घरचे पाणी गावातले कोणी प्यायले नाही. त्यांची नावे मी सांगायला नकोत, तुम्हाला तुमच्या गावची ठाऊक असतील.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले आणि हे लोक तिकडे जाऊ लागले. दोन हजार वर्षे ज्या दिशेला तोंड करून प्रार्थना केली ती भूमी. तिथे वागणूक मनाजोगती मिळेना म्हणून काही जणांनी १९५१-५२ मध्ये तेल अवीवला धरणे धरले आणि "आम्हाला भारतात परत पाठवा" अशी मागणी केली. सत्याग्रह आमच्या मातीतला, तो त्यांनी तिथे नेला! पण खरा घाव पुढे होता. काही रब्बी त्यांची लग्ने इतर ज्यूंशी लावून देईनात. १९६१ मध्ये रब्बींच्या वरिष्ठ मंडळाने निर्णय दिला की यांच्याशी विवाहाला हरकत नाही. आणि १९६२ मध्ये मुख्य रब्बी यिझाक निस्सीम यांनी सूचना काढल्या : बेने इस्राएल वधू किंवा वर आला की नोंदणी करणाऱ्याने त्याची आई, आजी, पणजी, जमेल तितके मागे जाऊन शोध घ्यावा. कोणी ज्यू नसलेले मध्ये आले होते का? कोणाचा घटस्फोट होऊन पुन्हा लग्न झाले होते का?

निस्सीम हे स्वतः बगदादचे. मोठे विद्वान, ग्रंथसंग्राहक. त्यांच्या बाजूने काय म्हणता येईल तेही प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर वादाला अर्थ नाही. ज्यूंच्या कायद्यात घटस्फोटाचा लेख नीट झाला नसेल तर त्या बाईचे दुसरे लग्न अवैध, आणि त्या लग्नाच्या संततीशी इतरांना विवाह निषिद्ध. ज्या समाजात शतकानुशतके रब्बीच नव्हता तिथे हे नियम पाळले गेले असतील कशावरून, अशी ती शंका. शंका शास्त्राला धरून होती. अशा नियमांवरच एक विखुरलेला समाज इतकी शतके टिकला, हेही मला मान्य आहे. उद्या कोणीही यावे आणि "मी तुमचाच" म्हणावे, इतकी मोकळीक दिली तर परंपरा राहणार नाही, हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण मग प्रश्न असा की ही शंका एकट्या बेने इस्राएलांबद्दलच का? दोन हजार वर्षांत जगभर विखुरलेल्या कुठल्या समाजाच्या पणजीच्या पणजीची खात्री देता येते? पोलंडच्या खेड्यातली येते? मोरोक्कोच्या डोंगरातली येते? सूचनेत नाव मात्र एकाच समाजाचे. आणि तो नेमका रंगाने सावळा, पैशाने गरीब, मागे कोणी रब्बी नसलेला. शास्त्राचा काटा जेव्हा फक्त दुबळ्याच्याच पायात रुततो, तेव्हा तो शास्त्राचा नसतो.

बेने इस्राएल गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेममध्ये ठाण मांडले. उपोषणे झाली. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेची खास बैठक भरली, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने स्पष्ट केले की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि महिनाअखेर रब्बी मंडळाला सूचनेतून त्यांचे नाव काढावे लागले. शब्द बदलला, "ज्याच्याबद्दल शंका असेल असा कोणीही" असे झाले. नाव गेले, चाळणी राहिली. कारभारातल्या चतुराईचा हा नमुना आपल्या कार्यालयांतही शोभून दिसेल.

आता ताळा मांडा. रहाबींनी एक टोपली मासळी आणून परीक्षा घेतली आणि पुढची वर्षे शिकवण्यात घालवली. आज त्यांचे नाव प्रत्येक बेने इस्राएल घरात आदराने घेतात, त्यांचा काळ नक्की ठरत नसतानाही. रामबामने तर या लोकांना पाहिलेही नाही, पण त्याने मांडलेल्या श्रद्धेच्या तेरा तत्त्वांवरचे स्तोत्र, त्यांनी स्वीकारलेल्या सेफार्दी पद्धतीच्या प्रार्थनाक्रमात आहे. आणि ज्या विद्वानाच्या हाती सर्वांत मोठे पद, शिक्का आणि सरकारी नोंदवही होती, त्याचे नाव कोकणातून गेलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आठवते ते उपोषणामुळे. प्रभाव कोणाचा आणि सत्ता कोणाची, हे यातून कळते.

मात्र इथेच थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल. या बेने इस्राएलांत, यरुशलेममध्ये ज्यांनी न्यायासाठी उपास केले त्यांच्यात, घरी काय होते? गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल! बाहेरच्या बायकांपासून झालेल्या संततीला "काळे" म्हणायचे, रोटीबेटी नाही, सभास्थानात मागे बसायचे. बगदादी ज्यूंनी यांना जे केले तेच यांनी आपल्यातल्या आणखी दुबळ्यांना केले. कुठून शिकले असतील? शेजाऱ्यांकडून. आणि ते शेजारी कोण, हे सांगायची गरज आहे का? सण, भाकरी, बांगड्या, भाषा, ओव्या आपण त्यांना दिल्या, आणि सोबत हेही दिले.

म्हणून हा लेख ज्यूंवर नाही. तो आपल्यावर आहे.

नागपुरात राहणाऱ्याने तरी हे विसरू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दीक्षा कोणी दिली? भिक्खू चंद्रमणी यांनी. ते मूळचे ब्रह्मदेशातले, राहणारे कुशीनगरचे. मराठी नव्हेत, महाराष्ट्राच्या जातींशी त्यांचा सुतराम संबंध नाही. त्यांनी कोणाचे कूळ विचारले नाही. आणि त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली. त्या मैदानाच्या दाराशी दाखले तपासायला कोणी बसले नव्हते. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात आजही कोणी आडनाव विचारत नाही. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत, ती पंढरपूरचा शिंपी म्हणून नाकारली असती तर नुकसान कोणाचे झाले असते?

हे सगळे आपण भाषणात सांगतो. आणि करतो काय? आमच्या भागात मुलांसाठी स्तोत्र-पाठांतराचा एक वर्ग चालायचा. एक दहा वर्षांची पोर तिथे यायला लागली. उच्चार इतके स्वच्छ की ऐकत राहावे. चौथ्या की पाचव्या दिवशी वर्ग घेणाऱ्यांपैकी कोणीतरी तिच्या आईला विचारले, "तुमचे पूर्ण नाव काय म्हणालात? मग तुम्हाला हे कशाला हवे?" कोणी हाकलले नाही, बरे का. फक्त विचारले. सोमवारपासून पोर आली नाही. मला हे नंतर कळले. तिच्या घरी गेलो तर आई म्हणाली, "जाऊ द्या सर, तिला चित्रकलेला घातलं." त्या मुलीने मासे बरोबर वेगळे काढले होते. परीक्षकाला मासे पाहायचेच नव्हते, पणजी पाहायची होती.

यावर मला ठरलेले उत्तर मिळते. "सर, तुमच्या शाळेतही दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जातीचा रकाना होताच की!" होता. आणि तो असायलाच हवा होता. ज्यांना शतकानुशतके दाराबाहेर ठेवले त्यांना हक्काने आत आणायचे तर कागद लागतो. आजोबांच्या नावाचा त्या रजिस्टरचा उतारा मिळाला म्हणून नातू डॉक्टर झाला, अशी घरे मी पाहिली आहेत. दार उघडण्यासाठी मागितलेला कागद आणि दार लावण्यासाठी मागितलेला कागद यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी मी वाद घालत नाही.

दुसरे उत्तर नातेवाइकांचे. "दादा, लग्नाच्या वेळी तर बघावेच लागते." का बघावे लागते? मुलगा निर्व्यसनी आहे का, मुलीला मान देईल का, घरातल्या बायांशी कसा बोलतो, हे बघा की. रहाबींची परीक्षा घ्या. तो काय करतो ते पाहा. आमच्या घरातल्या लग्नाच्या याद्या मी पाहतो तेव्हा शिक्षण, पगार, उंची, आणि सगळ्यांत वर पोटजात. स्वभावाचा रकानाच नाही! अमेरिकेत वीस वर्षे राहिलेले आपलेच भाचे-पुतणे मुलीसाठी स्थळ शोधताना हाच कागद पाठवतात. तिकडे त्यांच्या शेजारी ज्यू राहतात, चिनी राहतात, त्यांच्याकडून ते सगळे शिकतात. घरातली चाळणी मात्र इथून नेलेलीच आहे.

मला नियम नको आहेत असे नाही. शाळा चालवलेल्या माणसाला नियमांचे महत्त्व सांगावे लागत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की प्रश्नांचा क्रम बदला. कोणी काही शिकायला आले, तर पहिला प्रश्न "तुला काय येते?" आणि दुसरा "तुला काय शिकायचे आहे?" हे दोन प्रश्न नीट विचारले तर तिसऱ्याची गरज बहुधा पडत नाही. आणि ज्या संस्थेत, ज्या मंडळात, ज्या घरात तिसरा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो, तिथल्या गुरूचे, ग्रंथाचे आणि संतांचे गोडवे माझ्यापुढे गाऊ नका. गुरू तुमच्याकडे असेल, त्याची विद्या तुमच्याकडे नाही.

आमच्या घरातल्या ज्यांना हे बोचेल त्यांनी फोन जरूर करावा. दुपारी चारनंतर मी घरीच असतो. चहा होईल आणि वादही होईल. फक्त येताना वंशावळ आणू नका.